शेकापचा आमदार एकच, मग जिल्हा परिषदेत २३ कसे?

सई_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझं आजोळ अलिबाग तालुक्यात, पोयनाडच्या अलीकडे. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निकालाच्या दिवशी मी तिथेच होते. टीव्हीवर खाली पक्षांची पट्टी सरकत होती, तीत शेकापसमोर, म्हणजे शेतकरी कामगार पक्षासमोर, १ आकडा दिसला. तोही सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा, रायगडचा नाहीच. मामाने रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "या पट्टीवर जाऊ नको. जिल्हा परिषदेला बघ, आम्ही २३."

पुण्याला येऊन शोधलं तर मामा थापा मारत नव्हता. २०१७ ला रायगड जिल्हा परिषदेच्या ५९ जागांपैकी २३ शेकापच्या. सगळ्यांत मोठा पक्ष. शिवसेना १८, राष्ट्रवादी १२, काँग्रेस आणि भाजप तीन-तीन. आणि दोनच वर्षांनी, २०१९ च्या विधानसभेला, त्याच रायगडमध्ये शेकाप शून्य! गावं तीच, माणसं तीच. लोकसभेला तर कित्येकदा यादीत पक्षाचं नावही नसतं.

आकड्यांची यादी मिळाली, ती नको. ही मतं वर जाता जाता कुठे गळतात, हे जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे?

---

पोयनाडचे_मास्तर

सईताई, मी आतून पाहिलंय. पण पक्षाच्या आतून नव्हे, मतदान केंद्राच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, २०२० ला सेवानिवृत्त झालो. १९८५ च्या विधानसभेपासून प्रत्येक निवडणुकीला ड्युटी. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, काही सुटलं नाही. आमच्या बायकोचं म्हणणं, सरकारने मला शिकवायला कमी आणि शाई लावायला जास्त ठेवलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका म्हातारीने दिलं, ते आधी सांगतो.

२०१९ ची लोकसभा. गाव सांगत नाही. दुपारची वेळ, केंद्रात आम्ही चौघं आणि दारापाशी बाकावर दोन पोलिंग एजंट, दोघं एकाच डब्यातली भाकरी खात बसलेले. एक म्हातारी आली. नऊवारी, हातात चिठ्ठी, बोटाला शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मी कंट्रोल युनिटचं बटण दाबून दिलं. आता बीप वाजायला हवा. वाजेना. मिनिट झालं, दोन झाली. बाहेर रांग चुळबुळ करायला लागली. मग आडोशाच्या कडेने तिचं डोकं बाहेर आलं.

"मास्तर, यान खटाराच नाय."

एजंटांच्या घशात भाकरी अडकली. खटारा म्हणजे शेकापची जुनी निशाणी, बैलगाडी. त्या वर्षी शेकापचा उमेदवारच नव्हता. पक्षाचा पाठिंबा राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंना, म्हणजे घड्याळाला. हे तिला घरात कुणीतरी सांगितलं असणारच, पण आयुष्यभर जे चित्र शोधलं तेच बोट शोधत होतं. मी काय सांगणार? मतदान अधिकाऱ्याने चिन्हाचा 'चि' उच्चारला तरी नोकरी गेली. म्हटलं, "आजी, जे हाय त्यातलं बघा." ती परत आत गेली. बराच वेळाने बीप वाजला. बाहेर पडताना माझ्याकडे असं बघून गेली, जणू खटारा मीच काढून ठेवलाय.

तटकरे त्या वर्षी जिंकले. पाच वर्षांपूर्वी, २०१४ ला, ते हरले होते, अनंत गीतेंकडून, फक्त २,११० मतांनी. त्या वेळी शेकापने स्वतःचा उमेदवार दिला होता, रमेश कदम, आणि त्यांनी सव्वा लाखाच्या वर मतं घेतली. शिवाय सुनील तटकरे नावाचा दुसरा एक अपक्ष उभा होता, तो साडेनऊ-दहा हजार खाऊन गेला, ती वेगळी गंमत. पण मुद्दा लक्षात घ्या. लोकसभेला शेकाप स्वतः जिंकत नाही, कुणाला जिंकू द्यायचं ते ठरवतो. आकड्यांच्या पट्टीत हे दिसत नाही.

पूर्वी तसं नव्हतं. १९७७ ला शेकापचे पाच खासदार दिल्लीत होते. कुलाब्यातून (म्हणजे आताच्या रायगडातून) दि. बा. पाटील, कोल्हापुरातून दाजीबा देसाई, लातुरातून उद्धवराव पाटील, नांदेडातून केशवराव धोंडगे आणि परभणीतून शेषराव देशमुख. १९८४ ला इंदिराबाईंच्या हत्येनंतरच्या लाटेत भलेभले वाहून गेले, तेव्हाही दि. बा. कुलाब्यातून निवडून आले. १९९८ आणि ९९ ला रामशेठ ठाकूर, तेही शेकापचेच. त्यानंतर नाही.

आता का नाही? लोक म्हणतील पक्ष संपला. मी म्हणतो, आधी नकाशा बघा. जुन्या कुलाबा मतदारसंघात पनवेल, पेण, अलिबाग एकत्र होते, शेकापचा सगळा गठ्ठा एका पिशवीत. २००८ च्या पुनर्रचनेत पिशवी फाडली. पनवेल, उरण आणि कर्जत गेले मावळात, पिंपरी-चिंचवडच्या संगतीला. पेण आणि अलिबाग राहिले रायगडात, पण सोबत महाड, श्रीवर्धन आणि खाडीपलीकडचे दापोली, गुहागर. गुहागरच्या माणसाला आमच्या पोयनाडच्या बाजाराचं काय? अर्धा शेकाप घाट चढून गेला, अर्धा खाडी उतरून गेला.

जिल्हा परिषदेचं उलटं. एक गट म्हणजे दहा-पंधरा गावं आणि वाड्या. उमेदवार कुणाचा जावई, कुणाच्या शेताला त्याने बांध घालून दिला, खारभूमीची उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) फुटली तेव्हा रात्री कोण आलं होतं, हे मतदाराला पाठ असतं. तिथे मतं दोन द्यायची, एक गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. शेकापचा माणूस ही दोन्ही मतं घरात बसून जुळवतो. आमच्यासारख्यांचा पगारही जिल्हा परिषदेचा, त्यामुळे आमदार कोण झाला यापेक्षा अध्यक्ष कोण होतोय याकडे आमचे कान जास्त टवकारलेले.

आणि अध्यक्षपदाचं वजन मुंबईपर्यंत पोचतं. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात शेकापचे गणपतराव देशमुख आणि मीनाक्षी पाटील मंत्री होते. आमदार पाच, मंत्री दोन! २००२ ला रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने शिवसेनेशी हातमिळवणी करून शेकापला बाहेर ठेवलं. शेकापने थेट राज्य सरकारचा पाठिंबा काढला. विलासरावांना विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जावं लागलं, जिंकले ते, पण आमदार लपवता लपवता सगळ्यांची दमछाक झाली. म्हणजे अलिबागच्या सभागृहातलं भांडण, आणि घाम मलबार हिलला.

---

रोखठोक_रेवदंडा

मास्तर, चांगलं रंगवलंत, पण एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. घर! नारायण नागू पाटलांनी चरीचा शेतकरी संप केला, १९३३ ते ३९, सहा वर्षं खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, त्याला नमस्कारच. पण त्यानंतर? प्रभाकर पाटील, दत्ता पाटील, मीनाक्षीताई, पंडितशेठ, जयंतभाई (शेकापचे जयंत पाटील, राष्ट्रवादीचे नव्हे), आणि २०२४ ला अलिबागला चित्रलेखाताई, सगळे त्याच घरातले. कामगार-शेतकऱ्यांचा पक्ष, की एका अंगणातला?

आणि वरच्या सभागृहाबद्दलही बोला ना. विधान परिषदेला एका आमदाराच्या पक्षाचा माणूस इतकी वर्षं बसतो, ती मतं कुणाची? उसनी. १२ जुलै २०२४ ला उसनवारी संपली. निवडून यायला २३ मतांचा कोटा होता, जयंतभाईंना पडली १२.

---

माणदेशी_बाभूळ

राम राम. रायगडकरांनो, तुमच्या भांडणात आमचा सांगोला इसरू नका. पट्टीवरचा तो १ आमचा हाय. डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतराव आबांचा नातू.

आमच्याकडं तुमच्यावानी झेडपीचा जोर न्हवता की लाल बावट्याचा गावोगाव शिमगा न्हवता. आमच्याकडं एक माणूस व्हता. गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, अकरा वेळा आमदार. सोलापूरहून एसटीनं येणारा आमदार आम्ही डोळ्यानं बघितलाय. स्टँडावर उतरायचे, कुणाच्या तरी हातातला अर्ज तिथंच वाचायचे आन् तिथंच सांगायचे, "हे हुईल" नायतर "हे हुनार न्हाई". दुसरं सांगणारा पुढारी त्यानंतर मला घावला न्हाई.

पण दोनदा आम्हीच त्यांना पाडलं. १९७२ ला पडले, मग ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. आन् १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी. एकशे ब्याण्णव! माझ्या चुलत्याचं घर तेवढ्या मतांच्या बोलीवर वर्षभर भांडत व्हतं, कोण लग्नाला गेलतं, कुणाचं मत राहिलं. २०१९ ला आबा उभं न्हवते, दुसरा नातू अनिकेत उभा केला, तो ७६८ नं पडला. त्याच शहाजीबापूंकडून. पुढं बापू गुवाहाटीला गेले आन् काय झाडी काय डोंगार झालं, ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ हाय.

आता बघा ह्यात गंमत. २०२४ ला महाविकास आघाडीनं सांगोला शेकापला सोडलाच न्हाई. ठाकऱ्यांच्या सेनेचा उमेदवार समोर, शिंद्यांच्या सेनेचे बापू समोर. दोन सेनांच्या मधून बाबासाहेब पंचवीस हजारांनी निघून आला. आबा २०२१ ला गेले, जाऊन तीन वर्षं झाली व्हती. सईताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बाजूनं असं, की इथं मत खालनं वर गळतच न्हाई, कारण ते पक्षाला पडतच न्हाई. आबाला पडतंय. लोकसभेला आम्ही माढ्यात, तिथं ज्याला सांगितलं त्याला.

एकदा सूतगिरणीवर जाऊन या. आबांनी उभी केली. आमदारकीपेक्षा जास्त मतं तिथं हाईत असं माझं मत.

---

खांदा_कॉलनी_सेक्टर_९

पनवेलकर इथे. थोडक्यात लिहितो, लोकल पकडायची आहे.

पनवेल विधानसभा १९६२ पासून सलग शेकापची. २००९ ला पहिल्यांदा गेली, प्रशांत ठाकूरांनी घेतली, तेव्हा काँग्रेसचे, आता भाजपचे. रामशेठचेच चिरंजीव. म्हणजे शेकापला हरवणारं घरही शेकापमधूनच निघालेलं. २०१७ ला पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक, ७८ जागा. भाजप ५१, शेकाप २३. (पुन्हा २३! मामाला सांगा, हा आकडा शेकापला चिकटलाय.)

खारघर, कामोठे, कळंबोलीच्या टॉवरमध्ये राहणारा माणूस साताऱ्याचा, जळगावचा, केरळचा. त्याला शेकाप म्हणजे काय हे सांगायला उमेदवाराला लिफ्टमधून बारा मजले लागतात आणि तोवर दार बंद होतं. गावठाणात मात्र आजही रात्री अकराला बैठक लागली तर चप्पल ठेवायला जागा नसते. दोन्ही मतदार एकाच प्रभागात. बेरीज तुम्हीच करा.

सगळ्यांत बोचतं ते हे. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये आम्ही मानवी साखळी केली, मग सिडकोवर गेलो. जासईच्या १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले, त्यातून जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड मिळाले, तो लढा दिबांचा. साखळीत सगळ्या पक्षांचे लोक. ज्या पक्षातून दिबा पाच वेळा आमदार झाले, त्याचं नाव त्या गर्दीत कुणी घेतलं नाही. नाव विमानतळाला हवं, मत दुसऱ्याला. दिबा स्वतः शेवटी शिवसेनेत गेले होते, हेही खरं, म्हणून फार बोलत नाही.

---

सई_कोथरूड

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. माणदेशी, तुमचं १९२ मामाला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "आमचे उरणचे विवेक पाटील २०१४ ला ८११ नं गेले." जणू स्पर्धा चालू आहे.

दोन शंका. एक, खटारा यंत्रावरून गेला तो कायमचा का? दोन, ग्रामपंचायती किती शेकापकडे? मामा एक आकडा सांगतो, समोरचे शिवसेनेचे काका दुसरा. दोन्ही आकडे मिळवले तर तालुक्यात आहेत त्यापेक्षा जास्त ग्रामपंचायती होतात.

---

पोयनाडचे_मास्तर

दुसऱ्या शंकेवर हसू आलं. सांगतो.

आधी रोखठोक यांना. तुमचं म्हणणं खोटं नाही. घर आहेच. पण ते घर पडतंही. २००४ ला अलिबाग काँग्रेसच्या मधुकर ठाकुरांनी घेतलं, २०१९ ला शिवसेनेच्या महेंद्र दळवींनी, २०२४ लाही त्यांनीच. मतदार काही घराला बांधील नाही. पक्ष मात्र आहे, हे कबूल. १९४७ ला जेधे, मोरे, नाना पाटील अशा माणसांनी काढलेला पक्ष, १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ३१ आमदार, कृष्णराव धुळप दहा वर्षं विरोधी पक्षनेते. आणि शंकरराव मोरे, केशवराव जेधे हे संस्थापकच काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत. दार पहिल्यापासून उघडं होतं, जायला. पेणचे धैर्यशील पाटील शेकापचे दोनदा आमदार, आता भाजपचे राज्यसभेवर. घरच्या माणसांना जायला जरा जड जातं, म्हणून पक्ष घरात उरतो, असं माझं निरीक्षण.

खटाऱ्याचं. राज्य पक्ष म्हणून मान्यता असेल तरच चिन्ह राखीव. त्याचे निकष बरेच आहेत, पण ढोबळ सांगायचं तर विधानसभेच्या तीन टक्के जागा, म्हणजे आपल्या २८८ मध्ये नऊ, नाहीतर सहा टक्के मतं आणि दोन आमदार. १९८५ ला शेकापचे १३ होते. ९० ला ८, ९५ ला ६, ९९ ला ५, २००४ ला २. नंतर ४, ३, १, १. आता तुम्हीच बघा, नऊ कुठून आणायचे. म्हातारीने शोधलं ते चित्र जुन्या काळातलं.

२०२४ चंही तसंच. आघाडीत असून पनवेल, उरण आणि पेण तिन्हीकडे ठाकऱ्यांच्या सेनेचा उमेदवार शेकापसमोर. उरणला शेकापचे प्रीतम म्हात्रे साडेसहा हजारांनी हरले आणि सेनेचे मनोहर भोईर सत्तर हजारांच्या आसपास मतं घेऊन तिसरे. २०१९ ला जिंकलेली एकमेव जागा, नांदेड जिल्ह्यातलं लोहा, तीही गेली. जिल्हा परिषदेला अशी कापाकापी होत नाही असं नाही, पण तिथे संध्याकाळी ओटीवर बसून मिटवता येते. मुंबईतल्या जागावाटपाला ओटी नसते.

आता ग्रामपंचायत. ताई, तिथे पक्षाचं चिन्हच नसतं. कपबशी, नारळ, छत्री असली मुक्त चिन्हं आणि गावातली पॅनेलं. त्यामुळे निकालानंतर प्रत्येक पक्ष सरपंच मोजतो आणि एकच सरपंच दोनदा मोजला जातो. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. निवडून आलेला एक सरपंच, सकाळी अकराला लाल गुलालात शेकापच्या कार्यालयासमोर, गळ्यात हार. दुपारी मी एसटीची वाट बघत उभा, तर तोच माणूस दुसऱ्या पक्षाच्या जीपमध्ये. सकाळचा गुलाल केसांत तसाच, त्यावर भगवा टाकलेला. मला बघून म्हणाला, "मास्तर, पाण्याच्या टाकीचं काम अडलंय, दोन्हीकडे जावं लागतं." तुमच्या मामाच्या यादीत तो आहे आणि काकांच्याही. दोघंही खरं बोलतायत.

एक मात्र मामाला विचारा. २०१७ चे ते २३, त्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर २०२४ अखेरपर्यंत रायगड जिल्हा परिषदेवर प्रशासकच, निवडणूकच नाही. ज्या पायरीवर पक्ष उभा होता ती पायरीच तोवर पावणेतीन वर्षं बंद होती. माजी सदस्य बाजारात भेटायचे, नमस्कार करायचे, आणि गावातला रस्ता कुणाकडे मागायचा ते त्यांनाच कळत नव्हतं.

---

माणदेशी_बाभूळ

मास्तर, आमच्याकडं बी तसंच व्हतं. प्रशासक. पण तुमच्या सरपंचाचा गुलाल लई आवडला. आमच्याकडं असला गडी दोन टोप्या खिशात घालून फिरतोय, गुलालाचा खर्च न्हाई.

---

सई_कोथरूड

मामाला फोन लावला होता. २०२२ चं विचारलं तर गप्प झाला. मग म्हणाला, "निवडणूक लागू दे, मग बघ." आणि विचारलं, तुमचे मास्तर कुठल्या शाळेवर होते?

---

पोयनाडचे_मास्तर

ते सांगितलं तर म्हातारीचं गाव कळेल, ताई. मामांना नमस्कार सांगा.